नाव येऊन राहिलं

...आणि वरून मलेच म्हणते, तुम्हाले कोणी सांगितलं होतं भंडाऱ्याले फोन करायले? घ्या! म्हणजे पाठ लिहिला तिनं, कापला कमेट्यांनी, छापला प्रेसवाल्यानं, आणि चूक कोणाची, तर शंकर गजभियेची, काहून की त्यानं साळ्याले फोन केला! अहो, बायकोचं नाव सरकारी पुस्तकात येऊन राहिलं आणि नवऱ्यानं तोंडाले कुलूप लावून बसायचं? मग मोबाईल कायले घेतला? दर महिन्याले रिचार्ज कायले मारतो मी, टॉर्च लावायले?

नाही, तुम्हीच सांगा. पण थांबा, अर्धवट सांगून काही समजणार नाही तुम्हाले, पहिल्यापासून सांगतो. गोष्ट तशी माझी नाही, आमच्या प्रेमलाची आहे. मी तर सिंचाई विभागातला रिटायर बडा बाबू, चौतीस वर्षं फायली इकडून तिकडे सरकवल्या, माझं काय घेऊन बसता. प्रेमला इंग्रजीची मास्तरीण आहे, तिकडे बीरगांवच्या सरकारी शाळेत, सहावी ते आठवी, सव्वीस वर्षं झाली. आम्ही राहतो इकडे हिंदी मुलखात, शहरातल्या बूढापाऱ्यात, तलावाच्या मागच्या गल्लीत, जिथे दोन स्कूटर समोरासमोर आल्या की एकाले मागे जावं लागते आणि तो एक कोण हे ठरवायलेच पाच मिनिटं लागतात. तिथून बीरगांव म्हणजे शहराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, मध्ये ट्रक, कारखान्यांच्या बसा, धूर, खड्डे... आणि ही बाई सव्वीस वर्षांत एकदाही शाळेत उशिरा पोचली नाही. एकदाही नाही! आमच्या लग्नात नवरदेव दोन तास उशिरा आला होता, नवरी मात्र वेळेवर तयार होऊन बसली होती आणि ते मले अजून ऐकवते. हे ध्यानात ठेवा हां, पुढे लागणार आहे.

आता तिले नावाचं इतकं काहून? तर तिचा बाप. आमचे सासरे रेल्वेच्या वॅगन कारखान्यात पेंटर होते. मालगाडीच्या डब्यांवर पत्र्याचा छाप ठेवून पांढऱ्या रंगानं इंग्रजी अक्षरं काढायची, आकडे काढायचे, तारखा, सूचना... एकतीस वर्षं इंग्रजी लिहिलं त्या माणसानं आणि त्यातलं एक अक्षर वाचता येत नव्हतं. प्रेमला लहानपणी डबा घेऊन जायची तर तिले वॅगनसमोर उभी करायचे आणि म्हणायचे, पोरी, म्या काय लिवलं ते वाचून दाखव. ती वाचायची, ते ऐकायचे, मग डबा उघडायचे. शेवटच्या दुखण्यात तिले म्हणाले, "म्या लय लिवलं माय, पण माह्यं नाव कुठंच नाही. तुयं तरी येऊ दे." आता बापानं असं म्हटल्यावर पोरगी काय करेल? इंग्रजीची मास्तरीण झाली. नाव यायची वाट पाहत बसली.

तर दोन वर्षांमागची गोष्ट. तिच्या सहावीत एक पोट्टी होती, पिंकी निषाद. आता तिचा बाप तिकडच्या उरला भागातल्या लोखंडाच्या कारखान्यात शिफ्टवर. पोट्टी शहाणी, पण रोज उशिरा. रोज म्हणजे रोज! आणि प्रेमलाच्या वर्गात उशिरा येणं म्हणजे काय, तर बाहेर उभं राहा. एक दिवस पोट्टी पंचवीस मिनिटं उशिरा आली, उभी केली बाहेर, मग विचारलं, बाई आज काय झालं? तर म्हणे, पप्पा डब्बा घरीच विसरले होते, मी द्यायले गेली, गेटवरचा गार्ड आत जाऊ देईना, हाकलून लावून राहिला. मग तिनं वर पाहिलं तर इंग्रजीत बोर्ड लागलेला. तिनं एक-एक अक्षर जोडून वाचला, आणि त्यात लिहिलेलं, भेटायले येणाऱ्यांनी गेटच्या ऑफिसात कळवावं. हाकलून लावा असं नव्हतंच लिहिलं! पोट्टीनं गार्डले अर्थ सांगितला. तो म्हातारा वर पाहतच राहिला आणि म्हणाला, सात साल से इसके नीचे खड़ा हूं बेटी, आज मालूम पड़ा. आणि डब्बा घेऊन स्वतः आत गेला.

हे ऐकून आमची प्रेमला त्या दिवशी घरी आली आणि चहा नाही, काही नाही, पर्स खांद्याले तशीच, स्वयंपाकघराच्या दारात उभी. मी विचारलं काय झालं, तर रडून राहिली. मी घाबरलो, वाटलं बदली झाली! नंतर समजलं, तिले बाबा आठवले. वॅगनसमोर उभे असलेले.

आणि देवाची... नाही, आम्ही देव नाही मानत, पण ऑफिसवाल्यांची करणी पाहा, त्याच आठवड्यात चिठ्ठी आली. राज्यभरातून बारा शिक्षक निवडले, आठवीचं नवीन इंग्रजी पुस्तक बनवायचं, मुलांच्या आसपासच्या जीवनावर. कोणत्या ऑफिसातून आली ते नाही सांगत मी. नावाचं फार झालं आता आमच्या घरात. पण चिठ्ठीत एक ओळ होती, ती प्रेमलानं मले तीनदा वाचून दाखवली, की लेखकांची नावं पुस्तकात देण्यात येतील. नाव येऊन राहिलं! मी म्हटलं, थांब, सुशीलले फोन लावतो. ती म्हणाली, आत्ता नका लावू. मी म्हटलं बरं. संध्याकाळी ती भाजी आणायले गेली तेव्हा लावला.

सुशील म्हणजे तिचा धाकटा भाऊ, भंडाऱ्याले असतो, बँकेत आहे, आणि त्याले एखादी गोष्ट सांगितली की चौकात लाऊडस्पीकर लावायची गरज नाही. त्यानं काय करावं? त्याच हप्त्यात समाजभवनात सत्कार! शाल, पुष्पगुच्छ, मोठा फोटो, मागे बॅनर, 'पाठ्यपुस्तक लेखिका'. अजून पुस्तकाचं एक पान नव्हतं लिहिलं हो! प्रेमला स्टेजवर बसली होती, चेहरा असा की परीक्षेआधीच निकाल लागला, आणि मी खाली पहिल्या रांगेत, टाळ्या वाजवून राहिलो. आता माझी चूक म्हणते. टाळ्या वाजवणं चूक आहे काय?

तर ते वर्कशॉप. तीन दिवस, हॉटेलात, एसी इतका की बाया स्वेटर आणायच्या ऑगस्टच्या उकाड्यात. तिथले मुख्य म्हणजे भार्गव सर. आता भार्गव सर म्हणजे इंग्रजी शिकवण्याच्या लाइनीतलं लय मोठं नाव. किती मोठं? तर अख्ख्या आयुष्यात अकरा महिने शिकवलं. त्यानंतर मास्तरांले शिकवणारे झाले, मग मास्तरांले शिकवणाऱ्यांले शिकवणारे झाले, मग समन्वयक, आता सलाहकार. मी सरकारी माणूस आहे, मले ही शिडी बरोब्बर समजते. या लाइनीत जो पोट्ट्यांपासून जितका दूर, तितकी त्याची खुर्ची मोठी. शेवटची पायरी अशी असते म्हणे की माणूस कोणत्याच पोट्ट्याले दिसत नाही. त्यांनी पहिल्याच दिवशी प्रेमलाले बाजूले घेऊन सांगितलं, "प्रेमला जी, आप में बहुत संभावना है. आप क्लासरूम में क्यों अटकी हुई हैं?" ती म्हणाली, सर, पोरं तिथेच असतात म्हणून.

दुसऱ्या होत्या ऋता मॅडम, दिल्लीहून आलेल्या, खादीची साडी, गळ्यात मोठे मणी, बोलणं असं गोड की ओरडल्या तरी शाबासकी वाटावी. त्यांनी आल्या आल्या खेळ खेळवला. पन्नाशीतल्या बारा मास्तरांले गोल उभं केलं आणि म्हणाल्या, आपल्या नावाच्या आधी त्याच अक्षराचा एक गुण लावा आणि छातीवर चिटकवा. भार्गव सर झाले ब्रिलियंट भार्गव. एक जण घाबरून हँडसम होऊन बसला, घरी बायकोनं ती चिठ्ठी धुण्यात पाहिली, त्याचं काय झालं ते वेगळं. आमची बाई सरळ. तिनं लिहिलं, पंक्च्युअल प्रेमला. वेळेवर येणारी. तीन दिवस ती चिठ्ठी साडीवर लावून फिरली, अजून कपाटात ठेवली आहे. म्हटलं ना, ध्यानात ठेवा.

आणि तिनं पाठ लिहिला. पिंकीचाच. बाप, डब्बा, भोंगा, गेट, गार्ड, बोर्ड, सगळं जसंच्या तसं, आणि शेवटी पिंकी उशिरा शाळेत पोचते तेव्हा मॅडम तिले रागवत नाही, म्हणते, आज शाळा सुरू व्हायच्या आधीच तू एक धडा शिकवून आलीस. तिनं तो हॉलात उभी राहून वाचला. ऋता मॅडमनी चष्मा पुसला. भार्गव सर उभे राहून म्हणाले, यह तो किताब की जान है. आणि सगळ्यांसमोर विचारलं, लड़की का नाम असली है? हव, म्हणाली प्रेमला, असलीच आहे. तर म्हणे, रहने दीजिए, बच्ची खुश हो जाएगी.

दुसऱ्या दिवशी शाळेत जाऊन तिनं पिंकीले सांगून टाकलं. पुस्तकात तुझं नाव येऊन राहिलं, आठवीत जाशील तेव्हा स्वतः वाचशील. आता तुम्हीच सांगा, मी एक फोन केला तर चूक, आणि हिनं पोट्टीले सांगितलं ते? तर म्हणते, ते वेगळं आहे. आणि पाहा, त्या दिवसापासून पिंकी वेळेवर यायले लागली. रोज! पुस्तकात नाव येणारी पोट्टी उशिरा कशी येणार?

इथपर्यंत सगळं ठीक. मग फाइल गेली समीक्षा समितीकडे. आता हे मले विचारा, मी फायलींत जन्म काढला. समितीनं काही सुचवलं नाही तर समिती बसली असं मानतच नाहीत. कागदावर लाल रेघ पाहिजे, मग चहाचं बिल निघते. पहिल्या समितीनं म्हटलं, बच्ची कारखान्याच्या गेटवर? बालमजुरीसारखं दिसते. कारखाना काढा, बगीचा टाका. प्रेमलानं विचारलं की बगीच्यात बाप काय करून राहिला मग? तर म्हणे, टहल रहे हैं. आता सांगा, शिफ्टचा माणूस सकाळी दहा वाजता बगीच्यात टहलते! बरं. टहलू दे.

दुसऱ्या समितीत एक आहारतज्ज्ञ बाई होती. तिनं डब्बा उघडून पाहिला, म्हणजे पाठातला. भात आणि टमाटरची चटणी. हे संतुलित नाही म्हणे. मोड आलेले मूग टाका, दूध टाका, एक फळ, हिरवी भाजी. टाकलं. मग त्याच समितीतला दुसरा उठला, इतना वजन बच्ची उठाएगी? पाठीच्या कण्याले त्रास होईल. मग काय, डब्बाच काढला! मूग, दूध, फळ, सगळं एका रेघेत गेलं. आता डब्बा नाही तर पोट्टी बगीच्यात कायले गेली? तर बापाले भेटायले. तिसऱ्या समितीनं म्हटलं, बापाले काम नाही काय, बापाची चुकीची प्रतिमा जाऊन राहिली. बाप काढला. गार्डले इंग्रजी येत नाही हे गार्ड लोकांचा अपमान आहे, गार्ड काढला. गार्ड नाही तर बोर्ड कोणाले वाचून दाखवायचा, बोर्ड काढला. भोंग्यानं ध्वनिप्रदूषण होते, त्याच्या जागी कोकिळा टाकली, मग कोणी म्हणालं वेळ सांगायले कोकिळा बरोबर नाही, कोकिळाही गेली उडून.

प्रेमला दर वेळी जायची बरं का. स्कूटरनं, शाळा सुटल्यावर, कागदाची पिशवी घेऊन, वेळेच्या आधी पंधरा मिनिटं. ती लोकं चाळीस मिनिटं उशिरा यायची. दर वेळी एकच गोष्ट मागायची, की साहेब, काय काढायचं ते काढा, पोरीचं नाव राहू द्या, मी तिले सांगून बसली आहे. घरी यायची, मी विचारायचो काय झालं, तर म्हणायची, "नाव आहे अजून." बस. इतकंच. जेवायले बसायची.

आणि चौथ्या समितीत नावच निघालं. ऋता मॅडमनी गोड आवाजात सांगितलं, पिंकी हे नाव मुलींले गुलाबी रंगात अडकवते, जरा सोचिए. मग एकानं सुचवलं ज्यूली, तर दुसरा म्हणाला विदेशी आहे. मग शेवंता आलं, तर म्हणे हे महाराष्ट्राचं वाटते. मग रुचिता आलं, तर नेमकी एका साहेबाची मुलगी रुचिता, आणि पाठातली पोट्टी उशिरा येते, साहेबाले कसं वाटेल? दीड तास चाललं हे. शेवटी मिनिट्समध्ये लिहिलं, मी स्वतः वाचलं, 'पात्र का नाम विचाराधीन, फिलहाल स्थान रिक्त रखें'. चौतीस वर्षांत मी अशा कितीतरी रिकाम्या जागा पाहिल्या. कालव्याच्या एका फायलीत गावाचं नावच रिकामं होतं, कालवा मात्र खोदला होता. मी प्रेमलाले तेव्हाच म्हटलं, बाई, रिकामी जागा सोडू नको, भरून दे कोणतंही. तिनं नाही ऐकलं. म्हणाली, पिंकी नाही तर मी माझ्या हातानं दुसरं कोणाचं लिहिणार नाही.

आता राहिलं काय? एक पोट्टी, बिननावाची, शाळेत उशिरा येते. का येते माहीत नाही, कुठून येते माहीत नाही. तर भार्गव सर म्हणाले, ठीक है, पर इससे शिक्षा क्या मिली? बोध पाहिजे ना! म्हणून त्यांनी स्वतःच्या पेनानं बोध टाकला. वक्तशीरपणाचा. आठवीचं पुस्तक होतं हो, कापता कापता पहिलीचं झालं!

इथे येतो लोकेश. लोकेश म्हणजे प्रेसमध्ये कॉम्प्युटरवर पानं लावणारा, गरीब माणूस, त्याची काहीच चूक नाही. रात्रंदिवस एक करून पुस्तक लावलं त्यानं, आणि छपाईच्या आदल्या दिवशी पाहतो तर चौथ्या पाठात, म्हणजे प्रेमलाच्याच, सहा ठिकाणी टिंबटिंब. त्यानं भार्गव सरले फोन लावला. सर तेव्हा शिमल्याले, परिसंवादात. विषय होता, शिक्षकांचा आवाज. ते घाईत म्हणाले, अरे भाई, जो नाम फाइल में है वही डाल दो. लोकेशनं फाइल पाहिली. आतमध्ये कुठेच नाव नव्हतं. फाइलच्या वर मात्र होतं. आमच्या बाईनं पाठवताना फाइललेच नाव दिलं होतं, प्रेमला, पाठ चार. त्यानं टाकलं. सहा ठिकाणी.

आम्हाले काय माहीत! आम्ही इकडे पुस्तकाची वाट पाहून राहिलो. सुशीलचा दर रविवारी फोन, जयभीम भाऊजी, आलं काय नाव? मी म्हणायचो, येऊन राहिलं, येऊन राहिलं. यंदा शाळा उघडली आणि पुस्तकांचे गठ्ठे आले. प्रेमला पुस्तक घरी घेऊन आली, हात धुतले, चष्मा लावला, खुर्ची ओढून बसली. मी मागे उभा. पहिलं पान उघडलं, नावांचं. संरक्षक. मार्गदर्शक. परामर्शदाता. समन्वयक. संयोजक. अडतीस नावं मोजली मी, त्यात भार्गव सर चार ठिकाणी. आहारतज्ज्ञ बाई होती, ज्या साहेबाची मुलगी रुचिता तो साहेब होता. लेखक? बोट खाली खाली सरकवत गेली... शेवटची ओळ, बारीक अक्षरात, 'एवं समस्त शिक्षक साथी'. तिनं ती ओळ दोनदा वाचली. मी म्हटलं, यात तू आहेस ना. तिनं पान उलटलं. मग म्हणाली, पाठ तरी पाहू. एकोणीस नंबरचं पान काढलं.

मी वाचून दाखवतो तुम्हाले, पाठ झाला आहे मले. 'प्रेमला इज लेट. प्रेमला इज ऑल्वेज लेट. द बेल रिंग्ज. व्हेअर इज प्रेमला? शी इज नॉट इन द क्लास. एव्हरीवन लाफ्स ॲट प्रेमला. चिल्ड्रन, डू नॉट बी लाइक प्रेमला.' बाजूले चित्र. एक बाई... पोट्टी पण नाही हो, बाई! चित्रही त्याच रात्री काढून घेतलं म्हणे, चित्रकाराले वाटलं असेल प्रेमला म्हणजे वयस्करच असणार. साडी घातलेली, पिशवी पडलेली, केस विस्कटलेले, धावून राहिली. आणि खाली प्रश्न, प्रेमला कशी आहे, तिच्याविषयी पाच वाक्यं लिहा.

सव्वीस वर्षं! एक दिवस उशीर नाही! आणि आता राज्यातला प्रत्येक आठवीचा पोट्टा परीक्षेत पाच वाक्यं लिहिणार की प्रेमला कशी आहे. मले आधी हसू आलं, खोटं कायले बोलू. मग तिच्याकडे पाहिलं आणि हसू गेलं. ती पुस्तक मिटवून म्हणाली, बाबांनी एकतीस वर्षं लिहिलं, त्यांचं नाव नाही आलं तेच बरं झालं. मले फार वाईट वाटलं त्या वेळी. इतकं वाईट तर रिटायरमेंटच्या दिवशी पण नव्हतं वाटलं.

पण खरा घाव तर दुसऱ्या दिवशी बसला. आठवीच्या वर्गात पुस्तकं वाटली. पिंकी आता आठवीत ना, पहिल्या बाकावर. दोन वर्षं वाट पाहिलेली पोट्टी. तिनं चौथा पाठ बरोब्बर काढला, बोट ठेवून वाचला, परत वाचला, पान उलटून मागे पाहिलं. बाकीचे पोट्टे खूश, मॅडमचं नाव आलं, मॅडमचं नाव आलं! पिंकीचं बोट पानावरच. प्रेमला तिच्याजवळ गेली तर पोट्टी वर न पाहता म्हणाली, "मेरा नाम काट के अपना डाल दिए, मैडम?"

आता ही बाई तिले काय सांगणार? चार समित्या सांगणार, का शिमला सांगणार? तिनं इतकंच म्हटलं, बेटा, इसमें तो बुरा लिखा है, इसमें तेरा नाम कैसे रहने देती. तर पोट्टी म्हणते, "तो क्या हुआ मैडम, लेट तो मैं आती थी."

आता याच्यावर तुम्ही काय म्हणाल? प्रेमलानं त्या दिवशी काय केलं माहीत आहे? वर्गातली एक्केचाळीसच्या एक्केचाळीस पुस्तकं टेबलावर मागवली, निळा पेन काढला, आणि प्रत्येक पुस्तकात सहाच्या सहा ठिकाणी प्रेमला खोडून पिंकी लिहिलं. ज्या नावासाठी बाईनं दोन वर्षं स्कूटर झिजवली, ते नाव स्वतःच्या हातानं खोडलं, दोनशे सेहेचाळीस वेळा! मी हिशेब केला आहे. आणि खालच्या मार्जिनमध्ये, जितकी जागा होती तितक्यात, बारीक अक्षरात, डब्बा, गेट, गार्ड आणि बोर्ड परत लिहून टाकला. प्रत्येक पुस्तकात. पेन संपला तर हेडमास्तराचा घेतला. त्या दिवशी ती घरी आली तेव्हा सात वाजले होते, बोटं निळी, आणि भूक लागली म्हणाली.

गोष्ट इथे संपली असती तर बरं झालं असतं. पण भार्गव सरले शाळेत नवीन पुस्तकाचं प्रात्यक्षिक पाहायचं होतं, फोटोवाला सोबत घेऊन, आणि त्यांनी शाळा निवडली ती बीरगांवची, काहून की लेखिका तिथेच आहे. आले. दीड तास उशिरा आले, ते सोडा. म्हणाले, कोणीतरी चौथा पाठ वाचा. पिंकी उठली. पोट्टीनं असा वाचला म्हणे की रेडिओवर बातम्या. पिंकी इज लेट! पिंकी इज ऑल्वेज लेट! छाती काढून! सरांनी आपल्या हातातलं पुस्तक पाहिलं, म्हणाले, बेटा, जो लिखा है वो पढ़ो. पोट्टी म्हणाली, यही लिखा है सर, और नीचे भी है, पढ़ूं? आणि वाचायले लागली, गेट, गार्ड, बोर्ड. फोटोवाला काढून राहिला फोटो. सरांनी तिच्या हातातलं पुस्तक घेतलं, पाहिलं, बाकीच्यांची पाहिली. प्रेमलाले म्हणाले, आपसे ऐसी उम्मीद नहीं थी. फोटोवाल्याले म्हणाले, बस कर.

आठ दिवसांनी पोस्टमन आला. रजिस्टर्ड. मी सही केली, मी उघडलं, ऑफिसचा कागद मले लांबूनच ओळखू येते. मागच्या जन्मापासून. कारण दाखवा नोटीस! शासकीय पाठ्यपुस्तकाच्या एक्केचाळीस प्रती विद्रूप केल्याबद्दल. पण तुम्हाले सांगतो, वर नाव पाहा काय छापलं होतं, ठळक अक्षरात, एक मात्रा इकडची तिकडे नाही, 'श्रीमती प्रेमला शंकर गजभिये, शिक्षक, अंग्रेजी'. माझंसुद्धा नाव आलं त्यात! प्रेमलानं वाचली, घडी केली, उत्तर लिहायले बसली. मुदत तीन दिवसांची होती, तिनं त्याच दिवशी नेऊन दिलं. ती नोटीस तिनं फेकली नाही, प्लॅस्टिकमध्ये मढवून घेतली. आता आठवीले सरकारी पत्र कसं लिहितात ते शिकवताना तीच फळ्याले लावते. म्हणते, इतकं चांगलं साहित्य फुकट थोडीच मिळते.

आणि त्याच रविवारी सुशीलचा फोन. मी उचलणार नव्हतो, पण उचलला, सवय. "जयभीम भाऊजी, ताईचं नाव आलं काय?"

म्हटलं, आलं बाप्पा. पूर्ण आडनावासकट.

तो तिकडे ओरडून सगळ्यांले सांगून राहिला, आलं, आलं! मग मले विचारते, कोणत्या पानावर?

मी म्हटलं, एकच पान आहे.